लंडनची तालीम

गुणवंतरावांनी लंडनला जायचं पक्कं केलं ते पोळ्यानंतर, आणि त्यांच्या घराला अंड्यांचा वास लागला तो त्याच आठवड्यात. कमळाबाईंनी ओसरीत कडुनिंबाचा धूर केला, अंगणात दोनदा सडा घातला, तरी वास जाईना. माजघरात जाऊन बसलं तरी तो मागोमाग यायचा. त्यांच्या माहेरी, सिंदेवाहीला, अंडं हा शब्दसुद्धा जेवताना कुणी काढत नसे.

हे चांदा जिल्ह्यातलं गोंडपिपरी. गावापर्यंतचा रस्ता मुरमाचा होता, चांद्याहून येणारी मोटार दिवसातून एकदा यायची आणि पावसाळ्यात आली तर आली. ज्यानं नागपूर पाहिलं तो माणूस चारचौघांत पाय पसरून बसायचा. गुणवंतराव पूर्वीचे मालगुजार, गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. सरकारनं मालगुजारी काढून घेतली तेव्हा त्यांनी सागवानाचा ठेका धरला, आणि तो असा चालला की लोक त्यांना मालकच म्हणत राहिले. त्यांना दोनच शौक होते. एक दंडारीचा, म्हणजे गावातल्या नाचगाण्याच्या, सोंगांच्या खेळाचा. धानाची कापणी झाली की त्यांच्या अंगणात दंडार उभी राहायची, आणि तालमी सगळ्या त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायच्या. दुसरा शौक मोठ्या लोकांत बसण्याचा. लंडन निघालं ते या दुसऱ्या शौकातून.

नागपूरचे भय्याजी हे त्यांच्याहून मोठे ठेकेदार. त्यांचा दिगंबर बॅरिस्टर व्हायला लंडनला गेला होता. गुणवंतरावांची एकुलती एक मुलगी अन्नपूर्णा, घरची पूर्णा, चांद्याला मामाकडे राहून मॅट्रिक झालेली. भय्याजींनी शब्द टाकला की मुलगा तीन वर्षं काही यायचा नाही, आणि त्याच्या आईला धास्ती आहे की तो तिकडचीच एखादी करून बसेल. तेव्हा तुम्हीच मुलगी घेऊन आठ दिवस जाऊन या. विमान आता मुंबईहून सुटतं. मुलानं पाहिली, हो म्हणाला, की साखरपुडा तिथंच.

"म्हंजे पोरगी दाखवाले आपण जाचं?" कमळाबाईंनी विचारलं होतं.

"मंग काय झालं? जग कुठी चाललं पूर्णेची माय, अन् तू कुठी बसून राह्यली."

"त्यायच्या घरचं कोणी आपला उंबरा नाई पाह्यला अजून."

"उंबरा पाहून काय करन तो? उंबऱ्यासंगं लग्न लावाचं हाय का त्याचं?"

झालं. त्यावर बोलणं संपलं.

फागुनात निघायचं ठरलं आणि तयारी सुरू झाली. शिकवायला लटारू आला. लटारू जंगलखात्याच्या डाकबंगल्यावरचा जुना खानसामा. शिकारीला येणाऱ्या गोऱ्या साहेबांना त्यानं जन्मभर करून घातलं होतं, आणि साहेब गेल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. गुणवंतरावांनी बोलावलं तसा तो पांढरा कोट घालून हजर झाला. ओसरीत सागवानाचं नवं टेबल आलं. काटे, सुऱ्या, चमचे आले. रोज दुपारी बापलेक टेबलाशी बसायचे आणि लटारू मागे उभा राहायचा. कमळाबाईंनी बसायला नकार दिला. मी दारातून पाहीन, म्हणाल्या.

पाहिलं, आणि पाहू नये असं वाटलं. नवऱ्यानं काट्यानं अंड्याचा बलक फोडला, तो पिवळा रस बशीभर पसरला, आणि पावाच्या तुकड्यानं त्यांनी तो पुसून खाल्ला. मिशीला लागलेलं तसंच. मग मांडीवरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि फडकं पुन्हा मांडीवर घेतलं.

"चूळ?" कमळाबाई म्हणाल्या.

"तिकडे चूळ नाई भरत, बाई," लटारू अदबीनं म्हणाला. "टेबलावर चूळ भरली तं ते लोक उठून जाते."

"अन् तोंडात तसंच ठेवून बसते?"

"तसंच बसते."

त्याला ऐकणारं माणूस मिळालं होतं, तो कशाला थांबतो. काही साहेब मोर मारून आणत, पण लगेच शिजवू देत नसत. चार दिवस व्हरांड्यात टांगून ठेवत. माश्या घोंगावायला लागल्या, वास सुटला, म्हणजे मग साहेब खुशीत येऊन सांगायचा, लटारू, आज पकाओ. बुरशी लागलेलं चीज डब्यातून यायचं, ते चाकूनं कापून, हिरवं टाकून न देता, हिरव्यासकट खायचे. कमळाबाईंनी पदर नाकाला लावला. गुणवंतराव मात्र "पाह्य, पाह्य" करत हसत होते, जणू ते मोर त्यांनीच टांगले होते.

दिवसागणिक नवं काहीतरी कळायचं. तिथं आंघोळ म्हणजे मोठ्या डोणीसारख्या भांड्यात पाणी भरायचं आणि आत बसायचं. साबण लावायचा, मळ काढायचा, आणि त्याच पाण्यात बसून राहायचं. कमळाबाईंना वाटलं लटारू थट्टा करतोय. मग कळलं की शौचाला पाणीच नसतं, कागद असतो. त्या दिवशी त्या दुपारच्या जेवल्या नाहीत. गुणवंतरावांनी मुंबईहून रुमाल मागवले होते. ते त्यात नाक शिंकरायचे, घडी घालायचे आणि खिशात ठेवायचे. ज्या खिशात सुपारी असायची त्याच खिशात.

"अवो, ते फेकाचं असते," त्या एकदा न राहवून म्हणाल्या.

"कापड फेकाचं? पागल झाली का."

"कापडाचं नाई म्हणून राह्यली मी."

खाण्याचं कसं करायचं हेही निघालं. कमळाबाईंनी मनात ठरवलं होतं, तांदूळ न्यायचे, लाखोळीची डाळ न्यायची, जवसाची चटणी न्यायची आणि एक स्टोव्ह. लटारूनं मान हलवली. जिच्या घरी खोल्या भाड्यानं घ्यायच्या ती मडम खोलीत शिजवू देत नाही.

"काऊन?"

"आपल्या फोडणीचा त्यायले वास येते बाई. किळस येते त्यायले."

 सडका मोर खाणाऱ्यांना लसणाच्या फोडणीची किळस. कमळाबाई आत गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी भाजीला मुद्दाम दुप्पट लसूण घातला.

पूर्णा मात्र सुरुवातीला हवेत होती. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात लंडनचं पान होतं, आणि नदीवरच्या पुलाचं चित्र होतं. जहाज आलं की पूल मधून उघडतो, वर उचलला जातो, जहाज गेलं की पुन्हा मिटतो. जमिनीखालून आगगाडी धावते. संध्याकाळी सगळ्या दुकानांत दिवेच दिवे लागतात आणि लोक नुसते ते पाहायला म्हणून बाहेर पडतात. ती आईला रात्री पोळ्या करताना हे सगळं सांगायची. पहिल्या दिवशी पूल, दुसऱ्या दिवशी खालची गाडी, तिसऱ्या दिवशी राणीचा वाडा. आठही दिवस तिनं लावून टाकले होते. कमळाबाईंना लंडनचं काहीच नको होतं, पण लेकीचं तोंड पाहून त्या म्हणायच्या, "हो, पाहू पूल."

मग गुणवंतरावांनी त्यांचे दिवस लावले. पहिला दिवस आराम, कारण प्रवासानं चेहरा उतरतो आणि उतरलेल्या चेहऱ्यानं पोरगी दाखवायची नाही. दुसऱ्या दिवशी केस, कपडे. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दिगंबर येणार. चौथा आणि पाचवा दिवस त्याला विचार करायला. सहाव्या दिवशी तो पुन्हा पाहायचं म्हणाला तर. सातवा साखरपुड्याचा. आठव्या दिवशी परत.

"मंग पूल कवा पाहाचा, बाबा?"

"पूल काय पळून जाते? लग्न झाल्यावर पाह्यत बसजो जल्मभर."

 त्यानंतर पूर्णा शिकवणीला बसायची, पण भूगोलाचं पुस्तक तिनं पेटीत टाकलं.

नागपूरहून भय्याजींचे निरोप यायचे. मुलाला उंच टाचांवर चालणारी मुलगी आवडते. मुलाला मोठ्यानं हसणं आवडत नाही. रंगासाठी रोज साय लावावी. गुणवंतराव एकेक निरोप घरात येऊन सांगायचे, आणि पूर्णेला ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचे. टाचांच्या चपलांत तिचा पाय मुरगळायचा. "हस," ते म्हणायचे. ती हसायची. "दात कमी. पुन्हा हस." कमळाबाई दारात उभ्या राहून पाहायच्या. त्यांना स्वतःचं पाहणं आठवायचं. त्यांनाही चालवलं होतं, सुईत दोरा ओवायला लावलं होतं, केस सोडून दाखवायला लावले होते. पण तो त्यांचा स्वतःचा उंबरा होता. मागे आई होती, आजी होती, आणि पाहुणे गेल्यावर आजीनं त्या पाहुण्याच्या चालीची अशी नक्कल केली होती की सगळ्या बायका हसून लोळल्या होत्या. लंडनला पूर्णेच्या मागे कोण? त्या स्वतः, पोटात अन्न नाही अशा. आणि मुलगा नाही म्हणाला तर? सगळ्या तालुक्याला ठाऊक झालेलं असणार की मालकाची पोरगी समुद्रापार नेऊन दाखवली आणि परत आणली. मग तिला कुणाच्या दारात नेणार? 

दिवाळीच्या सुमारास बुधरी आली. बुधरी जंगलगावातली, गोंडाची म्हातारी. दरवर्षी मध आणि डिंक घेऊन यायची आणि परसदारी बसून घोटभर चहा प्यायची. ओसरीत पूर्णा चालत होती, ते तिनं परसातून पाहिलं.

"काय करून राह्यली वो तुमची पोरगी? पाय दुखते का?"

कमळाबाईंनी सांगितलं. बुधरीनं सगळं ऐकून घेतलं.

"आमच्यात पोराकडचे येते," ती म्हणाली. "मोहाची दारू घेऊन येते. पह्यल्या खेपेस आमी बोलतच नाई. दुसऱ्या खेपेस दारू पितो अन् घरी पाठवतो. चार खेपा मारल्या का मंग पोरीले विचारतो, का वो, पटते का." तिनं चहाचा घोट घेतला. "तुमचा जवाई लंगडा हाय का?"

"नाई वो. धडधाकट हाये."

"मंग तो काऊन नाई येत?"

कमळाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि बुधरीला आणखी चहा ओतला.

धान निघालं. अंगणात दंडारीच्या तालमी सुरू व्हायची वेळ आली, आणि तिथंच गुणवंतरावांच्या डोक्यात ती कल्पना शिरली. त्यांच्या लेखी जगातली कोणतीही गोष्ट तालमीशिवाय उभी राहत नव्हती. लंडनचा तो तिसरा दिवस, तो चहा, तो मुलगा, हे सगळं एकदा करून पाहिलंच पाहिजे. चार भिंतींत पोरगी धीट होत नाही. लोकांसमोर चालली की भीती मोडते.

मुलाचं काम मुखरूला दिलं. मुखरू हा दंडारीतला हुकमी गडी. साहेबाचं सोंग आणावं तर त्यानंच. शिवाय खेळ चालू असताना प्रेक्षकांतून कुणी खूश होऊन इनाम दिलं, की ते हातात घेऊन, कपाळाला लावून, देणाऱ्याचं गाव आणि नाव खणखणीत आवाजात पुकारायचं कामही त्याचंच. वर्षानुवर्षांची सवय.

"अवो, अंगणात नका करू," कमळाबाई म्हणाल्या. "त्या अंगणात दंडार होते."

"मंग? जागा चांगली हाय म्हणून होते."

"लोक येतीन."

"येऊ दे ना. लंडनले काय लोक नाई?"

दुपार कलली तेव्हा टेबल अंगणात आलं. लटारूनं पांढरी चादर घातली, किटली मांडली. कुणी बोलावलं नव्हतं, पण गुणवंतरावांच्या अंगणात तालीम आहे एवढं कळायला गोंडपिपरीला ढोल लागत नव्हता. पोरं भिंतीवर चढली. बायका जोत्याशी बसल्या. कामानिमित्त आलेले दोन-चार ठेकेदार बाजेवर बसले. त्यांत आष्टीचे सोनबाजी होते, तेंदूपत्त्याचा ठेका घेणारे, हौशी, दिलदार माणूस. दंडार म्हटली की दहा कोस गाडी हाकत येणारे.

मुखरू हॅट घालून आला तेव्हाच हशा पिकला. त्यानं टेबलाभोवती फेरी मारली, खुर्ची पुसली, घड्याळ नव्हतं त्या मनगटाकडे पाहिलं. "टैम झाला," तो म्हणाला, "पोरगी आणा." पुन्हा हशा. गुणवंतराव खुर्चीवरून म्हणाले, "मुखरू, सोंग नको करू. सीदा बस." पण तेही हसत होते.

पूर्णा निघाली. अंगावर मुंबईची साडी, पायांत त्या चपला, गालांवर पावडर. एवढ्या लोकांत तिनं खाली पाहिलं, मग बापानं शिकवल्याप्रमाणे मान वर केली. ती चालली. एकदाही पाय मुरगळला नाही. टेबलाशी आली, किटली उचलली, कपात चहा ओतला, एक थेंब बाहेर नाही. मग ती बरोबर तेवढेच दात दाखवून हसली.

कमळाबाई दारात होत्या. लेक सुंदर दिसत होती, आणि ते सगळं अंगण पाहत होतं.

भिंतीवरून कुणीतरी शीळ घातली. बायका "वा वो" म्हणाल्या. आणि सोनबाजी उठले. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. आवडलेल्या गोष्टीला दाद कशी द्यायची हे त्यांना एकाच प्रकारे माहीत होतं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून नोट काढली आणि हात पुढे केला. मुखरूचा हात आपोआप लांबला. नोट त्यानं कपाळाला लावली, आणि त्याच्या तोंडून, वर्षानुवर्षं निघत आलं तसं, निघालं,

"आष्टीचे सोनबाजी ठेकेदार, यायच्याकडून अन्नपूर्णाबाईले पाच रुपये इनाम."

अंगणानं टाळ्या वाजवल्या. आणि गुणवंतरावांनी, अंगणाचे मालक म्हणून ते दरवर्षी करायचे तसं, खुर्चीतून अर्धवट उठून, हसत, सोनबाजींना हात जोडले.

ते जोडलेले हात कमळाबाईंनी पाहिले. त्या अंगणात आजवर बाईचं सोंग पुरुषच आणत आले होते. खरीखुरी बाई तिथं उभी राहून इनाम घेते असं कधी झालं नव्हतं. आज घरचीच उभी होती, आणि बाप दाद स्वीकारत होता.  त्या जोत्याच्या कडेला वाकल्या, थुंकल्या.

टाळ्या थांबायला लागल्या होत्या. एकेकाच्या लक्षात येत होतं. मुखरूच्या हातात नोट तशीच राहिली, आणि त्याचं तोंड उतरलं. पूर्णेनं किटली हळूच खाली ठेवली.

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण अंगणभर ऐकू गेला. "इनाम तं भेटलं. आता यायच्या नावानं कोणतं गाणं म्हणू?"

दंडारीत तशीच रीत होती. इनाम घेतलं की देणाऱ्याच्या नावानं एक कडवं म्हणायचं. भिंतीवरचं एक पोर हसलं, बाकी कुणी नाही. गुणवंतरावांचे हात अजून जोडलेलेच होते. ते त्यांनी मांडीवर ठेवले, मग उचलले, मग कुठं ठेवावे ते त्यांना कळेना.

कमळाबाई पायरी उतरून अंगणात आल्या. इतक्या पुरुषांसमोर त्या अंगणात त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांनी पूर्णेचा दंड धरला. सोनबाजी पुटपुटले, "बाई, माहा तसा मतलब नव्हता."

"तुमचा काई दोष नाई, भाऊ," कमळाबाई म्हणाल्या. "तुमाले जे दाखवलं ते तुमी पाह्यलं."

आणि लेकीला घेऊन त्या आत गेल्या.

गुणवंतराव आत आले ते लोक पांगल्यावर. खांबाला टेकून उभे राहिले.

"तालीम होती ते. मुखरूची जीभच तशी. लंडनले असं थोडंच होते."

कमळाबाई पूर्णेच्या तोंडावरची पावडर ओल्या फडक्यानं पुसत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"तिथी पुकारत नाई एवढंच. पोरगा हो म्हणला तं इनाम, नाई म्हणला तं परत. तुमी तिथीबी हातच जोडसान."

"शब्द देऊन बसलो मी भय्याजीले."

"तं जा. तुमी जा लंडनले, राणीले भेटा, सडका मोर खा. माही पोरगी कोणाच्या दारात दाखवाले जाणार नाई. पाहाची असन त्यायले तं त्याच्या मायनं याचं इथी. इथी, या उंबऱ्यावर. मी लसणाची फोडणी देऊन जेवू घालतो तिले."

गुणवंतराव त्यांच्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर कमळाबाईंना सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी ते मोटारीनं चांद्याला आणि तिथून नागपूरला गेले, आणि तिथं काय सांगणार ते त्यांनी सांगितलं नाही. कमळाबाईंनी त्या दिवसांत टेबल गोठ्यात नेऊन टाकायला लावलं, लटारूला धान देऊन निरोप दिला. ओसरी तीनदा सारवली. पण मनात धाकधूक होतीच. नवरा भय्याजींच्या बैठकीत बसला की कसा विरघळतो हे त्या जाणून होत्या.

ते परत आले तेव्हा अंगावर धूळ होती आणि चेहरा असा, की आजारी पडलेत असं वाटलं. पाणी प्यायले. पूर्णाही दारात येऊन उभी राहिली. तिला आत जा म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

"मी म्हणलो, पोरगी येणार नाई. तुमी या, घर पाहा, मंग बोलू." त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मले वाटलं भय्याजी भडकन. ओरडन. मी तयारी करून गेलतो मनाची."

"मंग?"

"काई भडकला नाई. चहा पिऊन राह्यला होता, पीत राह्यला. दिवाणजीले आवाज देल्ला, म्हणे, अमरावतीच्या पोरीवाल्याले कळवून दे, फागुनाची तारीख खाली झाली." गुणवंतरावांनी तोंडावरून हात फिरवला. "लाकडाच्या डेपोत मी असंच करतो. एका गाडीचा माल नाई आला तं दुसरीले आवाज देतो. ओंडक्याले लाथ मारून पाह्यतो, आवाज पोकळ आला तं बाजूले. मी तिथी त्याच्या गादीवर बसलो होतो अन् मले सागाच्या सालीचा वास येऊन राह्यला होता."

ते उठून विहिरीवर गेले. पोहरा काढला, हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली, पुन्हा भरली. कमळाबाई दारातून पाहत होत्या. तिसरा पोहरा निघाला तेव्हा त्या आत वळल्या आणि चुलीशी बसल्या. पूर्णा त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि चुलीतलं लाकूड उगीच पुढेमागे करत राहिली.

"मले लंडन पाहाचं होतं, माय," ती म्हणाली. "खरंच पाहाचं होतं."

"हो, बाई," कमळाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तव्यावर भाकरी टाकली.